पोत्यामागचा वायूही मोजा

एकरी खत किती, पाणी किती हा हिशेब आपण ठेवतो. गावात रस्ता झाला, बंधारा झाला की पैसे किती लागले तेही विचारतो. पण त्या कामानं हवेत वायू किती सोडला, हे कुणी विचारत नाही. हवा तापतेय, पाऊस लहरी झालाय. झळ आपल्याच पिकाला बसते.

चुन्याची भट्टी जुन्या माणसांना ठाऊक आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना उरतो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीच भाजतात, वर जळण वेगळं. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागं हा वायू ४० किलोच्या आसपास पडतो.

आता गल्लीतला रस्ता घ्या. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. काँक्रीट ४५ घनमीटर. घनमीटरला ८ पोती धरली तर ३६० पोती, म्हणजे वायू १४ टनांवर! खडी-वाळूच्या वाहतुकीचा धूर यात धरलेला नाही.

राखमिश्रित, म्हणजे पीपीसी सिमेंट वापरलं तर हा आकडा खाली येतो. त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक वीज केंद्राची राख असते. मात्र उन्हाळ्यात ते १४ दिवस ओलं ठेवावंच लागतं. चौथ्या दिवशी पाइप गुंडाळला की रस्ता फुटतो आणि तेवढीच पोती पुन्हा लागतात. शाहूवाडी, गगनबावड्याकडं जांभ्याचा चिरा आहे. तो विटेसारखा भाजावा लागत नाही. मग तिकडं गोदामाला वीट कशाला?

खरी बचत होते ती आराखड्यात. आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघा. सलग उंच भिंत नाही. खांब आणि मधे गाळे. पावसाळा सरला की गाळ्यांत दोन रांगांनी बरगे घालायचे, मधे माती ठासायची. पावसाळ्याआधी बरगे काढले की पुराला वाट मोकळी. सलग भिंतीपेक्षा बांधकाम कमी लागतं. कार्बनचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता!

ग्रामसभेत काम आलं की इस्टिमेट मागून घ्या. काँक्रीट किती घनमीटर ते त्यात असतंच. शेजारी वायूचा एक रकाना आखा आणि अभियंत्यांना विचारा, जाडी एवढी का? उसाच्या ट्रॉल्या जातात तिथं ती कमी करून चालणार नाही. पण माणसं आणि सायकली जाणाऱ्या बोळालाही तेवढीच जाडी कशासाठी?