फळबागेची आखणी : कोन अचूक, तर ओळ सरळ

पावसाळ्यापूर्वी फळझाडांचे खड्डे घेण्याआधी शेताची आखणी करावी लागते. हे काम बहुधा घाईत, बांधाच्या अंदाजाने उरकले जाते. परंतु आंबा, चिकू यांसारखी झाडे त्याच जागी कित्येक वर्षे उभी राहतात. वाकड्या ओळीत आंतरमशागत, फवारणी व ठिबकच्या नळ्या टाकणे या सर्वच कामांत अडचण येते. म्हणून आखणीच्या दिवशी कोन मोजूनच घ्यावा.

एका अंशाची किंमत

कोपऱ्यावर कोन फक्त १ अंशाने चुकला, तर १०० मीटर अंतरावर ओळ सुमारे १.७५ मीटर सरकते. हीच चूक ६ अंशांची झाली, तर ओळ साडेदहा मीटर सरकते. म्हणजे १० मीटर अंतरावरील आंब्याची अख्खी एक ओळ जागा सोडते. कोपऱ्यावर मात्र ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

बांधाचा कोन कसा मोजावा?

वर्तुळाचे ३६० अंश असतात. ५.७३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर ३६ मीटर भरतो. म्हणून या वर्तुळाच्या कंसाची दर १० सें.मी. लांबी म्हणजे १ अंश. कोपऱ्यात खुंटी ठोकून ५.७३ मीटर दोरी बांधा. दोरी ताठ धरून एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत फिरवा व तिच्या टोकाने जमिनीवर फक्कीची रेघ ओढा. या वक्र रेघेवरूनच टेप धरून लांबी मोजा. लांबी ९ मीटर भरली, तर काटकोन. ८.६० मीटर भरली, तर कोन ८६ अंश. अशा शेतात एका बांधाला समांतर ओळी घेऊन काटकोनात आखणी केल्यास दुसऱ्या बांधाकडे १०० मीटरवर सुमारे ७ मीटरचा फरक पडून तिकोनी तुकडा राहतो. तो आधीच हिशेबात धरावा.

काटकोन कसा काढावा?

१. सर्वांत लांब व सरळ बांधापासून झाडांतील अंतराच्या निम्मे अंतर सोडून पायारेषा आखा. आंब्यासाठी १० x १० मीटर अंतर असल्यास ५ मीटर सोडा.

२. पायारेषेच्या टोकाला पहिली खुंटी ठोका. तेथून रेषेवरच ६ मीटरवर दुसरी खुंटी ठोका.

३. पहिल्या खुंटीपासून ८ मीटरचा व दुसऱ्या खुंटीपासून १० मीटरचा कंस मारा. दोन्ही कंस जेथे छेदतात, तेथे तिसरी खुंटी ठोका.

४. पहिल्या व तिसऱ्या खुंटीतून जाणारी रेषा पायारेषेशी काटकोन करते.

षट्कोनी पद्धत

लगतच्या दोन झाडांपासून १०-१० मीटरचे कंस मारले, की छेदबिंदूवर तिसऱ्या झाडाची जागा मिळते. तिन्ही कोन ६० अंशांचे होतात. दोन ओळींतील अंतर ८.६६ मीटर येते. चौरस पद्धतीत हेक्टरी १०० झाडे बसतात, तर या पद्धतीत सुमारे ११५ बसतात. झाडांतील अंतर मात्र तेवढेच राहते.

काळजी

नायलॉनची दोरी ओढली की ताणते, म्हणून मापे टेपनेच घ्यावीत. उतारावर टेप जमिनीलगत न धरता आडवा समपातळीत धरावा. उतार जास्त असल्यास चौरस आखणीऐवजी समपातळी रेषेवर लागवड करावी. चारही कोपरे ठरल्यावर समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना, ते पाहून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरल्याशिवाय खड्ड्यांना हात लावू नये.