पर्यायी वाट : शाखा, मुख्यालय आणि राउटरची निवड

मुख्य रुग्णालय इंदूरला आणि शाखा देवास किंवा महू येथे, ही व्यवस्था आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. शाखेतील नवजात बालकाचा बिलिरुबिनचा अहवाल पाहून फोटोथेरपी पुरेशी आहे की एक्स्चेंज ट्रान्स्फ्यूजन करावे लागेल, हे मुख्यालयातील तज्ज्ञाने ठरवायचे असते. तेथे एकेका तासाला मोल असते. अशा वेळी जोडणी तुटली, तर आकडे फोनवर सांगावे लागतात आणि ऐकण्यात दशांशचिन्ह सहज निसटते. म्हणून पर्यायी जोडणीचा विचार केवळ संगणक विभागावर सोपवून चालणार नाही.

हृदयाच्या पर्यायी रक्तवाहिन्या उपयोगी ठरतात, कारण त्या अडथळ्याच्या पलीकडे वेगळ्या वाटेने पोहोचतात. येथेही तोच न्याय लागू पडतो. दोन कंपन्यांच्या फायबर केबल एकाच चरातून आल्या असतील, तर खोदकामाच्या एका घावात दोन्ही तुटतात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाशी दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट सेवेवर मोठा परिणाम झाला होता. यास्तव एक जोडणी फायबरची असल्यास दुसरी मोबाइल जाळ्यावरची घ्यावी, आणि तीही शक्यतो वेगळ्या कंपनीची.

राउटर निवडताना पुढील बाबी पाहाव्यात. त्याला दोन बाह्य जोडण्या आणि सिम कार्डाची सोय हवी. मुख्य जोडणी बंद पडल्याचे तो कसे ओळखतो, हे आवर्जून विचारावे. केवळ मोडेमपर्यंतची तार जिवंत आहे एवढेच पाहणारा राउटर पुढचा बिघाड ओळखत नाही. त्याने दूरच्या पत्त्याकडून उत्तर येते की नाही, हे सतत तपासले पाहिजे. रुग्णांची माहिती सांकेतिक रूपात, म्हणजे व्हीपीएनमधून जायला हवी. त्यामुळे माहितीपत्रकातील एकूण वेगापेक्षा व्हीपीएन चालू असतानाचा वेग महत्त्वाचा. मोबाइल जोडणीला बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. म्हणून संपर्काची सुरुवात शाखेकडून होईल, अशी रचना करावी. उत्पादक सुरक्षा-सुधारणा किती वर्षे देणार, हेही खरेदीपूर्वी लेखी घ्यावे.

पर्यायी वाट अरुंद असते, हे गृहीत धरावे. २० मेगाबाइटची एक्स-रे प्रतिमा २ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने पाठवायला किमान ८० सेकंद लागतात. तेव्हा अहवाल व औषधपत्रे आधी जावीत आणि कॅमेऱ्यांचे चित्रण थांबावे, असा प्राधान्यक्रम राउटरमध्ये ठरवून ठेवावा.

मुख्यालयात मात्र एकच राउटर ठेवणे धोक्याचे आहे. तो बंद पडला की साऱ्या शाखा एकदम तुटतात. तेथे व्हीआरआरपी पद्धतीने जोडलेले दोन राउटर असावेत. एक थांबला, तर दुसरा साधारणतः ३ ते ४ सेकंदांत त्याची जागा घेतो. दोन्हींना वेगवेगळ्या यूपीएसवरून वीज द्यावी.

एवढे करूनही एक काम उरतेच. तातडीच्या ट्रेमधील औषधे व लॅरिंगोस्कोपचा दिवा आपण नियमित तपासतो. त्याचप्रमाणे महिन्यातून एकदा, गर्दी नसताना, मुख्य केबल मुद्दाम काढून पाहावी. शाखेचा अहवाल मुख्यालयात उघडला, किती वेळ लागला, याची नोंद वहीत तारखेसह करावी. अशी वही नसेल, तर महागड्या राउटरवरही विसंबून राहू नये.