जुन्या मोटारीचे पुनर्निर्मित सुटे भाग : बाजार, विश्वासार्हता आणि धोरण

मोटार विकत घेताना ग्राहक एकदाच मोठी रक्कम मोजतो. मात्र ती रस्त्यावर धावती ठेवण्यासाठी त्याला पुढील अनेक वर्षे सुट्या भागांच्या बाजारात वारंवार यावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहन सुस्थितीत असल्यास तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. तरीही अनेक कुटुंबांच्या दृष्टीने जुनी मोटार हीच परवडणारी मोटार असते आणि ती वापरात ठेवण्याचा खर्च हा घरगुती अंदाजपत्रकातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

रस्त्यावरील खड्डे आणि गतिरोधक यांचा मारा सोसणारी सस्पेन्शन प्रणाली या खर्चाचे ठळक उदाहरण आहे. तिचे नवे भाग महाग असतात आणि जुन्या मॉडेलसाठी ते कित्येकदा मिळतही नाहीत. अशा वेळी पुनर्निर्मित भाग हा स्वस्त व पर्यावरणपूरक पर्याय ठरू शकतो. परंतु भारतातील मोटारमालक तो घेताना कचरतो. यामागे तंत्रज्ञानाचा अभाव हे मुख्य कारण नाही. पुनर्निर्मित भाग आणि केवळ रंग लावून चकचकीत केलेला भाग यांतील फरक खरेदीच्या वेळी ग्राहकाला दिसत नाही, हे खरे कारण आहे.

पुनर्निर्मिती म्हणजे काय?

बाजारात एकाच दुकानात चार प्रकारचे भाग मिळू शकतात. मोडीत निघालेल्या वाहनातून काढून जसाच्या तसा विकलेला तो ‘वापरलेला’ भाग. बिघडलेला अंश तेवढा बदलून पुन्हा चालता केलेला तो ‘दुरुस्त’ भाग. नामांकित कंपनीच्या नावाने विकली जाणारी नक्कल म्हणजे ‘बनावट’ भाग. या तिन्हींहून वेगळा असतो तो ‘पुनर्निर्मित’ भाग. यात जुना भाग पूर्णपणे सुटा केला जातो, स्वच्छ करून मापांनुसार तपासला जातो, झिजलेले सर्व घटक बदलले जातात आणि पुन्हा जुळणी करून त्याची चाचणी घेतली जाते. २००९ मधील बीएस ८८८७-२ या ब्रिटिश मानकाने पुनर्निर्मित वस्तूसाठी दोन कसोट्या सांगितल्या आहेत : तिची कार्यक्षमता किमान मूळ वस्तूइतकी असावी आणि तिच्यासोबत नव्या वस्तूच्या तोडीची किंवा त्याहून अधिक हमी असावी.

सस्पेन्शनचे सर्वच भाग पुनर्निर्मितीस सारखे योग्य नसतात. चाकाला आधार देणारा लोअर आर्म हा बहुधा घडीव पोलादाचा किंवा दाबून आकार दिलेल्या जाड पत्र्याचा असतो. तो वाकलेला, तडकलेला अथवा गंजलेला नसेल, तर त्याची रबरी बुश आणि बॉल जॉइंट बदलून तो पुन्हा वापरात आणता येतो. याउलट, सर्वसाधारण शॉक ॲब्सॉर्बर कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो. त्याच्या आतील तेल, दट्ट्या, झडपा व सील यांवर त्याची धक्का शमविण्याची क्षमता अवलंबून असते. तो कापून तेल भरणे आणि पुन्हा वेल्डिंग करणे ही स्वस्त दुरुस्ती झाली. मोजून घेतलेली चाचणी नसेल तर तिला पुनर्निर्मिती म्हणता येत नाही. स्प्रिंगच्या बाबतीत धातूचा थकवा हा अदृश्य शत्रू असतो. लाखो वेळा दबलेली स्प्रिंग रंगाखाली नव्यासारखी दिसली, तरी तिच्यात सूक्ष्म तडा असू शकतो. पुनर्निर्मितीचा विचार भागागणिक वेगळा करावा लागतो तो यामुळेच.

ग्राहकाचा हिशेब

पुनर्निर्मित भाग घ्यावा की नवा, हे केवळ छापील किमतीवरून ठरत नाही. मजुरी दोन्ही वेळी तेवढीच पडते. शिवाय मोटारीचेच आयुष्य थोडे उरले असेल, तर नव्या भागाच्या आयुष्याचा काही अंश वाया जातो. समजा, एका नव्या भागाची किंमत ४,००० रुपये, पुनर्निर्मित भागाची २,५०० रुपये आणि चाकांच्या अलाइनमेंटसह मजुरी १,००० रुपये आहे. मोटार आणखी ४०,००० किलोमीटर चालवायची आहे. नवा भाग बसविल्यास एकूण खर्च ५,००० रुपये, म्हणजे प्रति किलोमीटर १२.५ पैसे येतो. पुनर्निर्मित भाग तेवढेच अंतर टिकला, तर हा खर्च ८.७५ पैसे होतो. परंतु तो १०,००० किलोमीटरमध्येच निकामी झाला, तर तोच खर्च ३५ पैशांवर जातो. या उदाहरणात पुनर्निर्मित भाग किमान २८,००० किलोमीटर टिकला, तरच तो नव्या भागाच्या बरोबरीने परवडतो.

निर्णय ज्या एका आकड्यावर अवलंबून आहे, तो म्हणजे अपेक्षित आयुष्य. आणि नेमका तोच ग्राहकाला ठाऊक नसतो. शिवाय या हिशेबात सुरक्षिततेची किंमत धरलेली नाही. बॉल जॉइंट निखळल्यास चाक आत किंवा बाहेर कलंडून वाहनावरील ताबा सुटू शकतो. त्याची झळ मोटारमालकाबरोबरच पादचारी व इतर वाहनचालक यांनाही बसते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही ‘नकारात्मक बाह्यता’ होय. त्यामुळे हा प्रश्न ग्राहकाच्या खासगी निवडीपुरता मर्यादित राहत नाही.

‘लेमन’ बाजारपेठेचा सिद्धांत

अमेरिकी बोलीभाषेत सदोष मोटारीला ‘लेमन’ म्हणतात. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन, विक्रेत्याला गुणवत्ता ठाऊक असते पण ग्राहकाला नसते अशा बाजारात काय घडते, याचे विश्लेषण केले. असममित माहितीच्या या अभ्यासासाठी त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा सिद्धांत सुट्या भागांना तंतोतंत लागू पडतो. समजा, उत्तम पुनर्निर्मित भाग ग्राहकाच्या लेखी २,५०० रुपयांचा आणि केवळ रंगविलेला भाग ५०० रुपयांचा आहे. बाजारात दोन्ही निम्मे-निम्मे असून त्यांतील फरक ओळखता येत नाही. अशा स्थितीत ग्राहक सरासरीने १,५०० रुपयेच देऊ करील. उत्तम भाग तयार करण्याचा खर्च १,८०० रुपये असेल, तर प्रामाणिक उत्पादक तोट्यात जाऊन बाजार सोडतो. रंगविलेल्या भागाला ३०० रुपयेच खर्च येत असल्याने त्याचा विक्रेता मात्र टिकून राहतो. पुढे ग्राहकालाही हे उमगते आणि किंमत ५०० रुपयांवर घसरते. यालाच ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. १,८०० रुपयांत तयार होणारी व २,५०० रुपये मोलाची वस्तू बाजारातून नाहीशी होते आणि प्रत्येक व्यवहारामागे समाजाचा ७०० रुपयांचा लाभ बुडतो.

हमी आणि अनामत

गुणवत्तेचा विश्वासार्ह संकेत देणे हा यावरील एक उपाय आहे. संकेत उपयोगी ठरण्यासाठी तो चांगल्या विक्रेत्याला स्वस्त आणि वाईट विक्रेत्याला महाग पडला पाहिजे. वरील उदाहरण पुढे नेल्यास हमीचा अर्थ स्पष्ट होतो. समजा, हमीच्या काळात उत्तम भागांपैकी ५ टक्के, तर रंगविलेल्या भागांपैकी ८० टक्के निकामी होतात. भागाची केवळ किंमत परत करण्याची हमी असेल, तर २,५०० रुपयांना विकलेल्या रंगविलेल्या भागामागे विक्रेत्याला सरासरी २,००० रुपये परत द्यावे लागतील. ३०० रुपये खर्च वजा जाता त्याला २०० रुपये नफा उरेलच. परंतु हमीत १,००० रुपयांची मजुरीही समाविष्ट असेल, तर त्याला सरासरी २,८०० रुपये द्यावे लागतील आणि ६०० रुपये तोटा होईल. त्याच हमीवर प्रामाणिक उत्पादकाला मात्र ५२५ रुपये नफा राहतो. मजुरीसह लेखी हमी हाच चांगल्या व वाईट विक्रेत्याला वेगळे करणारा संकेत आहे.

दुसरी व्यवस्था अनामतीची आहे. पुनर्निर्मितीचा कच्चा माल म्हणजे झिजलेला जुना भाग. तो परत यावा म्हणून परदेशांत पुनर्निर्मित भाग विकताना ग्राहकाकडून वेगळी अनामत घेतली जाते आणि जुना भाग आणून दिल्यावर ती परत मिळते. ही व्यवस्था नसेल तेथे दुरुस्तीयोग्य लोअर आर्मही वजनावर भंगारात जातो. तो वितळविल्यास पोलाद परत मिळते, पण घडणीवर व यंत्रकामावर झालेला श्रम आणि ऊर्जा यांचा खर्च कायमचा वाया जातो.

भारतातील स्थिती

दिल्लीतील मायापुरी, मुंबईतील कुर्ला, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मलिक बाजार ही जुन्या सुट्या भागांच्या व्यापाराची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. तेथील कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. जुनी वाहने चालू ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा असला, तरी व्यवहार बहुधा पावतीविना होतो. भाग कोणत्या वाहनातून आला, ते किती चालले होते, याची नोंद नसते. भाग चोरीच्या वाहनाचा असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

व्यावसायिक वाहनांच्या क्षेत्रात चित्र काहीसे वेगळे आहे. टाटा मोटर्सच्या ‘प्रोलाइफ’सारख्या योजनांतून जुन्या घटकाच्या बदल्यात नूतनीकृत घटक दिले जातात. मालवाहतूकदार पुन्हापुन्हा खरेदी करणारा ग्राहक असतो आणि प्रत्येक भाग किती किलोमीटर टिकला, याचा हिशेब तो ठेवू शकतो. खासगी मोटारमालक असा भाग काही वर्षांतून एकदा घेतो. त्यामुळे अनुभवातून शिकण्याची संधी त्याला मिळत नाही आणि माहितीची विषमता त्याच्या बाबतीत सर्वाधिक राहते.

कायदेशीर चौकट अलीकडच्या काळात विस्तारली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व तांत्रिक माहिती मिळण्यात अडथळे आणल्याचा ठपका त्यांच्यावर होता. या आदेशाला पुढे न्यायालयीन आव्हान देण्यात आले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाची तरतूद करण्यात आली. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले; त्यात मोटार क्षेत्राचाही समावेश आहे.

नीती आयोगाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी ११ समित्या नेमण्यात आल्या. आयुर्मान संपलेली वाहने हा त्यांतील एक विषय होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांविषयीचे नियम अधिसूचित झाले. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांनी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली. मात्र या जबाबदारीचे मोजमाप पोलादाच्या वजनावर आधारलेले आहे. वितळविलेला एक किलो आणि पुन्हा वापरात आलेला एक किलो यांचे आर्थिक व पर्यावरणीय मूल्य सारखे नसते, ही बाब अशा मोजमापात पुरेशी उमटत नाही.

करप्रणालीतही अशीच एक विसंगती दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. वापरलेली वस्तू जशीच्या तशी किंवा किरकोळ प्रक्रिया करून विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे. पुनर्निर्मितीतील प्रक्रिया किरकोळ नसल्याने तिला ही सोय मिळण्याविषयी शंका राहते. परिणामी, भाग पुसून विकणाऱ्याला सवलत आणि तो कसोशीने घडविणाऱ्यावर पूर्ण मूल्याचा कर, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

जागतिक अनुभव

अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे वापरलेल्या मोटारभागांच्या विक्रीत कोणते शब्द केव्हा वापरता येतील हे सांगतात. भाग सुटा करून, स्वच्छ करून, झिजलेले घटक बदलल्याशिवाय त्याला पुनर्निर्मित म्हणता येत नाही. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाच्या २०१२ च्या अहवालानुसार २०११ मध्ये त्या देशातील सर्व प्रकारच्या पुनर्निर्मित वस्तूंचे उत्पादन किमान ४३ अब्ज डॉलरचे होते आणि त्यावर १ लाख ८० हजार पूर्णवेळ रोजगार अवलंबून होते. चीनने २००१ च्या नियमांनुसार इंजिन, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, पुढील-मागील ॲक्सल आणि चासी ही पाच जुळणीसंच भंगारात काढणे बंधनकारक केले होते. २००८ मध्ये १४ उद्योगांत पुनर्निर्मितीचे प्रायोगिक प्रकल्प हाती घेऊन, जून २०१९ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी हे संच पुनर्निर्मितीसाठी विकण्यास परवानगी दिली. युरोपीय संघाच्या २००५ च्या एका निर्देशात एअरबॅग, सीटबेल्ट, स्टिअरिंग लॉक यांसारखे भाग नव्या वाहनांत पुन्हा न वापरण्याच्या यादीत आहेत. सस्पेन्शनचे भाग त्या यादीत नाहीत. म्हणजेच सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा यांऐवजी भागनिहाय विचार शक्य आहे.

पुढील दिशा

भारतात या क्षेत्राच्या वाढीसाठी प्रथम व्याख्या निश्चित व्हावी. ‘पुनर्निर्मित’ हा शब्द विहित प्रक्रिया व चाचणी पूर्ण झाल्याखेरीज वापरता येऊ नये. दुसरे म्हणजे, नोंदणीकृत मोडणी केंद्रातून निघालेल्या भागावर त्याचा स्रोत दर्शविणारी ओळखखूण असावी. तिसरे, सुरक्षिततेशी निगडित भागांसाठी मजुरीसह किमान हमी बंधनकारक करावी. चौथे, मायापुरी किंवा कुर्ला येथील कारागिरांना प्रशिक्षण, चाचणी-उपकरणे व प्रमाणपत्र देऊन संघटित साखळीत आणावे. अन्यथा नियम कडक होतील आणि कौशल्य मात्र बाजाराबाहेर फेकले जाईल.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती काही साध्या कसोट्या उरतात. पावतीवर ‘पुनर्निर्मित’ असा स्पष्ट उल्लेख आहे काय, कोणते घटक नवे घातले याची यादी मिळते काय, हमीत मजुरी समाविष्ट आहे काय आणि जुना भाग परत घेतला जातो काय, हे पाहिले पाहिजे. यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर कमी किंमत ही बचत नसून अज्ञात जोखमीची किंमत ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. मात्र पावतीविना केलेल्या व्यवहारात तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

चक्रीय अर्थव्यवस्थेची चर्चा बहुधा कचरा आणि पुनर्चक्रण यांभोवती फिरते. परंतु वस्तू पुन्हा वापरात येण्यासाठी ती विकत घेणारा ग्राहक हवा आणि त्याला तिच्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. जुन्या मोटारीच्या एका लोअर आर्मची खरेदी ही या दृष्टीने लहान वाटणारी, पण धोरणाची कसोटी पाहणारी बाब आहे. गुणवत्ता पडताळता येईल अशी व्यवस्था उभी राहिल्यास कुटुंबाची बचत, कारागिराचा रोजगार आणि रस्त्यावरील सुरक्षितता ही तिन्ही उद्दिष्टे एकत्र साधता येतील.