ग्रिमलॉक : मठ्ठ की मुत्सद्दी?
अमेरिकेच्या ‘हॅस्ब्रो’ कंपनीने १९८४ मध्ये जपानी ‘ताकारा’ची रूप बदलणारी खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली, तेव्हा त्यांतील बहुतेक यंत्रमानवांची नावे आणि स्वभाव ‘मार्व्हल’चे संपादक बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. खोक्यामागील परिचयपत्रावर बळ, बुद्धी, धैर्य यांचे गुण छापलेले असत आणि लाल पारदर्शक पट्टी वर धरल्यावरच ते नीट वाचता येत. डायनोसॉरचे रूप घेणारा ग्रिमलॉक या पत्रात दुर्बळांना तुच्छ लेखणारा, अधिकार न जुमानणारा योद्धा आहे. दूरचित्रवाणी मालिकेने त्याला मोडके बोलणारा मठ्ठ दांडगा केले, तर कॉमिक्समध्ये सायमन फरमन यांनी त्याला ऑटोबॉट्सचा, म्हणजे सज्जन पक्षाचा, धूर्त व करारी सेनानी म्हणून रंगवले. यांतील खरा कोणता, यावर चाहत्यांत आजही हमरीतुमरी होते. मूळ परिचयपत्र प्रमाण मानल्यास फरमन यांचेच पारडे जड ठरते. तथापि मालिकेचा पक्षही दुबळा नाही, कारण १९८६ च्या एका भागात अपघाताने प्रकांड बुद्धी लाभलेला ग्रिमलॉक ‘टेक्नोबॉट्स’ हे नवे यंत्रमानव निर्माण करतो आणि ती बुद्धी स्वेच्छेने त्यांनाच देऊन टाकतो, हे औदार्य कॉमिक्समधील सेनानीत क्वचितच दिसते.