फोटोतील मोटार काय सांगते?

जुन्या मोटारींचे शौकीन नुसता फोटो पाहून गाडीचे नाव आणि तिचा काळ सांगतात. तुम्हांला वाटेल, ही जादूच आहे! पण ही जादू नाही. हे बारकाईने पाहण्याचे काम आहे.

एमजी हे इंग्लंडमधील मोटारींचे एक जुने नाव आहे. टीसी, टीडी आणि टीएफ या एमजीच्या दोन आसनी स्पोर्ट्स मोटारी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. टीसी १९४५ ते १९४९ या काळात तयार होत असे. तिची चाके मोठी, अरुंद आणि सायकलीसारखी तारांची असत. तिला सहसा बंपर नसे. नंतरच्या टीडीला लहान चाके आणि बंपर आले. १९५३ साली आलेल्या टीएफचे पुढचे दिवे मडगार्डमध्येच बसवलेले होते. शौकीन माणूस रंगावर विश्वास ठेवत नाही, कारण रंग बदलता येतो. चाकेही बदलता येतात. म्हणून दोन-तीन खुणा जुळल्यावरच तो गाडीचे नाव सांगतो.

ही रीत घरातल्या फोटोंनाही लागू पडते. अकोल्याच्या आमच्या वर्गात एका मुलीने एक जुना फोटो आणला. त्यात तिच्या नानी बाळाला घेऊन मोटारीजवळ उभ्या होत्या. फोटोच्या मागे ‘अमरावती, १९५२’ असे लिहिले होते. ते बाळ म्हणजे मोठे मामू, असे घरात सगळे मानत.

मुलांनी भिंगातून मोटार पाहिली. मागच्या मडगार्डांना शेपटीसारखे छोटे पंख होते. आधीच्या हिंदुस्थान लँडमास्टरची मागची बाजू गोलसर होती. पंखांवरून आणि पुढच्या जाळीवरून ही गाडी अँबॅसिडर ठरली. अँबॅसिडर बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि २०१४ साली बंद झाली. मग ती १९५२ साली अमरावतीत कशी असेल?

मुलीने घरी विचारले. नानी म्हणाल्या, “बेटी, ती तारीख तुझ्या नानांनी खूप वर्षांनी आठवून लिहिली होती.” मोठ्या मामूंचा जन्म १९५१ चा, तर धाकट्या खालांचा १९५८ चा. म्हणजे नानींच्या कडेवरचे बाळ खालाच होत्या! आपला लहानपणीचा एकही फोटो नाही, असे त्या आजवर समजत होत्या.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. फोटो कोणत्या वर्षाच्या आधीचा नाही, एवढेच मोटार सांगते. जुनी गाडी अनेक वर्षे चालते. म्हणून फोटो त्यानंतर कधीही काढलेला असू शकतो. अशा वेळी नंबर प्लेटही पाहावी. अमरावतीची ‘एमएच २७’ आणि अकोल्याची ‘एमएच ३०’ ही पद्धत १९८९ च्या सुमारास सुरू झाली. जुन्या अँबॅसिडरवर असा नंबर दिसला, तर गाडी जुनी असली तरी फोटो त्यानंतरचाच असतो.

आज घरी गेल्यावर एखादा जुना फोटो काढा. त्यातील गाडी, घड्याळ, रेडिओ किंवा दुकानाची पाटी नीट पाहा. मग घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि त्यांना अदबीने विचारा.