गावात डेटा सेंटर आलं तर परवानगी कोणाच्या हातात?

मुंबईसाठी वीज बनवणं आपल्या भागाला नवं नाही. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. आता बोललं जातंय ते अणुऊर्जेवर चालणाऱ्या डेटा सेंटरबद्दल. एप्रिल २०२५ मध्ये महाजनकोने रशियाच्या रोसॅटमसोबत छोट्या थोरियम अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा करून हे क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुलं केलं. त्यामुळे ‘उद्या आपल्याकडे आलं तर?’ असं विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये.

मात्र अणुभट्टी आणि डेटा सेंटर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वीज लांबून तारेवरूनही येऊ शकते. भट्टीला परवाना द्यायचा की नाही, हे केंद्र ठरवतं. तारापूरला भट्टीभोवती १.६ किलोमीटरचा टापू वस्तीविना ठेवलाय. छोट्या भट्टीला कमी जागा पुरेल असं सांगतात, पण डोंगर, वाड्या आणि फार्महाऊसच्या गर्दीत तीही कुणी शोधून दाखवावी.

डेटा सेंटरची इमारत येते राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याखाली. कर्जत, खोपोली, माथेरान नगरपरिषदा आणि खालापूर नगरपंचायत आपापल्या हद्दीत नियोजन प्राधिकरण आहेत. गावांचं तसं नाही. २०१३ मध्ये नैना क्षेत्र जाहीर झालं तेव्हा दोन्ही तालुक्यांतली काही गावं सिडकोकडे गेली, पुढे द्रुतगती महामार्गालगतची काही एमएसआरडीसीकडे. उरलेल्या गावांत प्रादेशिक योजनेप्रमाणे जिल्हाधिकारी परवानगी देतात. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला तरी तो यांच्यापैकी कोणावर बंधनकारक नाही. रायगड अनुसूचित क्षेत्रात नसल्याने आपल्या कातकरी-ठाकूर वाड्यांना पेसाचाही आधार नाही. त्यांच्या हाती राहतं महसूल संहितेचं कलम ३६-अ: आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. माथेरानच्या पायथ्याला २००३ च्या इको सेन्सिटिव्ह झोनची अधिसूचनाही आहे.

मग गावकऱ्यांनी बोलायचं कुठे? हरकतींच्या मुदतीत. मसुदा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की ३० दिवस मिळतात. बांधकाम नियमावली बदलतानाही हरकती मागवतात, पण कलम १५४ खाली निर्देश देऊन शासन तो बदल आधीच लागू करू शकतं. म्हणजे सुनावणी होईपर्यंत इमारतीचा पाया भरलेला असू शकतो.

हरकत लेखीच द्या, गट नंबर घाला, पोच घ्या. आणि नुसत्या सातबाऱ्यावरून जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते कळत नाही. त्यासाठी झोन दाखला मागा, आत्ताच.