तळे राखावे कोणी?

बेसा हे काल-परवापर्यंत नागपूर ग्रामीण तालुक्यातील एक खेडे होते. आज शेजारच्या पिपळ्यासह ते नगरपंचायत होऊन बसले आहे. शेते गेली, ले-आऊट पडले, घरांची रांग मनीषनगरास जाऊन भिडली. अशा नव्या संस्थेच्या पदरी करवसुलीच्या अधिकाराबरोबर एक मुकी ठेवही येते. ले-आऊटांतील मोकळ्या जागा, नाल्यांचे काठ, पाणवठे आणि उरलासुरला झाडोरा, ही ती ठेव होय. तिजोरीस ओढ लागली म्हणजे पहिली कात्री हिच्यावरच चालते. कारण रस्ता फुटला तर लोक ओरडतात, तळे मात्र निमूटपणे गाळाने भरते. मग कोणी तरी सुचवितो की, ही जागा अमक्या मंडळास वा तमक्या कंत्राटदारास देऊन टाकावी म्हणजे संस्थेचा भार हलका होईल. ही सूचना सरसकट त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिला मान डोलावण्यापूर्वी आमच्या विदर्भाने या बाबतीत काय भोगले आहे ते वाचकांनी ध्यानात घ्यावे, इतकेच आम्ही सुचवितो.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, ज्यांस लोक आता ‘मामा तलाव’ म्हणतात, ते सरकारी हिशेबाने 6862 आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेले हे तलाव धानाच्या शेतीचे प्राण होते. पुढे त्यांची देखरेख मालगुजारांकडे राहिली. मालगुजार काही संत नव्हते. पण तलाव फुटला तर त्यांचाच वसूल बुडत असे, म्हणून पाळीवर माती पडत असे. मालकी हक्क रद्द करणारा 1950 चा कायदा 1951 साली अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. ती सुधारणा न्याय्यच होती, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्या गळ्यात पडले. तलाव आले, दुरुस्तीस पुरेल इतका पैसा मात्र त्यांच्यामागून आला नाही. निस्तार पत्रकात पाण्याचा हक्क नोंदलेला शेतकरी पाणीपट्टी का द्यावी म्हणून विचारू लागला. मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे गेला. शेतकऱ्यास पाणी सोडावयाचे, ढीवरास ते राखावयाचे. आणि गाळ काढणे कोणाचे काम, याचे उत्तर कोणाजवळच नाही! बेशरमीच्या झुडपांनी मात्र कोणाचीही परवानगी न घेता पात्रात ठाण मांडले.

दूर कशास जावे? नागपूरच्या जनतेस पाणी मिळावे म्हणून 1870 साली बांधलेल्या अंबाझरीचेच पाहा. तलावालगतच्या उद्यानाची जागा महापालिकेकडून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आणि तेथून खासगी विकासकाकडे गेली. 2021 साली त्या आवारातील डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले आणि 2023 साली त्यासाठी लोकांस धरणे धरून बसावे लागले. ज्यांच्या भावना त्या वास्तूत गुंतल्या होत्या, त्यांस हस्तांतरणाच्या वेळी विचारले असते तर ही पाळी येती ना. त्याच वर्षी 23 सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी ओसंडली, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि धरणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे जाऊन उभा राहिला. जेथे हात अनेक असतात तेथे जबाबदारी कोणाच्याच हाती राहत नाही, हे त्या पहाटे लोकांनी गळाभर पाण्यात उभे राहून पाहिले.

यावर कोणी म्हणेल, पैसाच नसेल तर नगरपंचायतीने करावे तरी काय? प्रश्न रास्त आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूस श्री. मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवरांस बरोबर घेऊन तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या आणि बेशरम उपटली. तेथे यंत्रापेक्षा तलाव ओळखणाऱ्या माणसांचा उपयोग अधिक झाला. तेव्हा बिगरसरकारी संस्था म्हणजे लुबाडणूकच, हा ग्रह आम्हांस मान्य नाही. विलायतेत मिल्टन केन्स या नव्या शहराने 1992 साली आपली उद्याने एका विश्वस्त संस्थेस दिली. पण देताना भाड्याचे उत्पन्न देणाऱ्या मिळकतीही तिच्या नावे करून दिल्या. आपल्याकडे जबाबदारी देतात आणि थैली मागे ठेवतात. ही काटकसर नव्हे. हे अंग काढून घेणे होय.

म्हणून बेसा येथील नगरपंचायतीस आमचे सांगणे असे की, प्रथम आपल्या हद्दीतील प्रत्येक मोकळ्या जागेची व पाणवठ्याची सर्व्हे नंबरासह नोंद करून ती चावडीवर लावावी. मंजूर ले-आऊटमधील दशांश जागा मोकळी असावयास पाहिजे. ती प्रत्यक्षात आहे की तेथे कोणाची भिंत चढली, हे भूखंडधारकांसही कळू द्यावे. पुढे एखादी जागा सांभाळण्यास देण्याचा प्रसंग आलाच, तर मालकी हक्क मुळीच सोडू नये. मुदत थोडी ठेवावी. दरसाल हिशेब उघड्या सभेत वाचावा. आणि फाटकाशी तिकिटाची खिडकी उघडणार असेल तर तो करार सही होण्यापूर्वीच फाडून टाकावा. गुरे धुणाऱ्या, धुणे धुणाऱ्या, सायंकाळी काठावर बसणाऱ्या माणसाची वहिवाट त्या कागदात शब्दशः लिहिलेली असली पाहिजे.

आमच्या व्यापारी वाचकांचाही यात संबंध आहे. दुकानापुढील नाला तुंबला तर पावसाळ्यात माल कोणाचा भिजतो? आपल्या वॉर्डातील मोकळी जागा कोणाच्या ताब्यात आहे, एवढे तरी त्यांनी येत्या सभेपूर्वी कचेरीत जाऊन लेखी विचारावे.